आधी पान, मग फोटो : जालन्यातून फोटोग्राफी आणि वेबसाईटचा धंदा कसा चालवायचा

"वेबसाईट करून द्या, फोटो आहेत आमच्याकडं." आमच्या जालन्यात नवं गिऱ्हाईक आलं की सुरुवात हीच. मग मोबाईल पुढं सरकतो. उद्घाटनाला नारळ फोडताना, दसऱ्याला मशीनला हार घालताना, आमदारसाहेब आले होते तेव्हा. व्हॉट्सॲपवर इतके फिरलेले फोटो की माणसांचे डोळे-नाक ओळखू येत नाहीत. आणि विकायचा जो माल, त्याचा एकही फोटो त्यात नाही.

याच्या उलटही पाहते. फोटोग्राफर दिवसभर शूट करतो, पेन ड्राइव्ह भरून देतो, आणि वेबसाईट करणारा पोरगा डोक्याला हात लावून बसतो. त्याला वरच्या पट्टीसाठी आडवा फोटो हवा असतो, सगळे उभे निघतात. शेवटी तो नेटवरून परदेशी कारखान्याचा फोटो उचलून लावतो. मालकालाही ते चालतं, कारण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

ही दोन्ही कामं एका हातात ठेवली तर छोट्या शहरातही धंदा नीट चालतो. अट एकच, पानं आधी ठरवायची आणि कॅमेरा नंतर उचलायचा. आमच्याकडं फोटो, मजकूर आणि वसुली माझ्याकडं. होस्टिंग, कोड आणि रात्री-अपरात्री बंद पडणारी साईट धाकट्या दिराकडं. स्टुडिओ म्हणजे जुन्या जालन्यातली गच्चीवरची खोली, उत्तरेला मोठी खिडकी. एवढ्यावर काम कसं करायचं ते लिहिते. नव्यानं सुरू करणाऱ्या पोरापोरींनी यातलं हवं ते घ्यावं.

गिऱ्हाईक आपल्या गावात काय पिकतं आणि काय बनतं त्यावरून शोधा

जालन्यात सळईचे कारखाने आहेत आणि बियाण्याच्या कंपन्या आहेत. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको सुरू केली, तेव्हापासून या गावाला बियाण्याची सवय आहे. मोसंबी आहे, जालना मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तासा-दीड तासावर छत्रपती संभाजीनगर आणि तिथल्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसी. पुढं पैठण, पैठणी विणणाऱ्यांचं. तुम्ही लातूरला असाल तर डाळमिल आणि कोचिंग क्लास, बीडला असाल तर सीताफळ आणि दवाखाने. यातले दोनच धंदे धरा. ते इतके समजून घ्या की मालकाशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे.

लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या की नाही, हा प्रत्येक जण विचारतो. मी घेत नाही. पैसा आहे त्यात, पण लग्नसराईत लाइट धरणारा पोरगा, गाडी, एडिटिंग सगळंच अडकतं, आणि नेमकं त्याच काळात बियाणेवाल्यांना खरिपाच्या आधीचे कॅटलॉग आणि पानं तयार हवी असतात. दोन्हीकडं शब्द मोडण्यापेक्षा एकीकडं पाळलेला बरा.

कागदावर चौकोन

पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊच नका. कोरा कागद आणि पेन न्या. मालकाला "तुम्हाला वेबसाईट कशी हवी?" असं विचारलं की तो कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं नाव सांगणार. त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी विचारा: तुम्हाला फोन कोणाचे येतात? फोनवर पहिला प्रश्न काय असतो? आणि तो ठेवल्यावर तुम्ही व्हॉट्सॲपवर काय पाठवता? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच अर्धी वेबसाईट असते.

सळईच्या कारखान्याचं घ्या. फोन डीलरचा येतो. तो विचारतो, 8 एमएमपासून 32 एमएमपर्यंत सगळे साइज आहेत का, ग्रेड (म्हणजे मजबुती) 500डी आहे की 550डी, टेस्ट सर्टिफिकेट देता का, गाडी कधी लागेल. म्हणजे पानं ठरली: साइज आणि ग्रेड, चाचणी, पोहोच, आणि डीलर व्हायचं असेल तर संपर्क. आता कागदावर चौकोन काढा. वरची पट्टी आडवी, डावीकडची जागा मोकळी कारण तिथं मराठी मथळा येणार. त्याखाली तीन चौकोन: सळईचा क्लोजअप, प्रयोगशाळेत ताण-चाचणीचं मशीन, ट्रक भरताना. प्रत्येक चौकोनात आडवा की उभा, माणूस दिसणार की नाही, मोकळी जागा कुठल्या बाजूला, हे लिहा. हीच तुमची शूटची यादी. मालकाची त्यावर सही घ्या. सही म्हटलं की काही जण हसतात. पण नंतर "गोडाऊनचा फोटो राहिला की ओ" असं कोणी म्हणालं तर यादी दाखवता येते.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. आपल्याकडं बहुतेक लोक साईट मोबाईलवर बघतात. कॉम्प्युटरवर रुबाबदार दिसणारी आडवी पट्टी मोबाईलवर दोन्ही बाजूंनी कापली जाते आणि सळईच्या जागी भिंत दिसते. म्हणून पट्टीचा प्रत्येक फोटो दोनदा काढायचा, एकदा आडवा आणि एकदा उभा, त्याच उजेडात. घरी येऊन कापू म्हणाल तर कापायला जागा उरत नाही.

रोलिंग मिलमध्ये, म्हणजे सळई लाटतात तिथं

आधी कपडे. सुती घाला. सिंथेटिक कापड ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतं. ओढणी नको, मोकळे केस नकोत, पायात सेफ्टी शूज, डोक्यावर हेल्मेट. पहिल्यांदा गेलात तर सुपरवायझरला विचारून उभं राहायच्या जागा आधी ठरवा. सळई रोलमधून सुटते तेव्हा कधी कधी भलतीकडं वळते, आणि तिथं फोटोग्राफरला कोणी वाचवायला येत नाही. "ताई, तुम्हीच काढणार का फोटो?" हे ऐकावं लागतं. हो म्हणायचं आणि कामाला लागायचं.

लेन्स आत बदलू नका. मिलच्या हवेत लोखंडाची बारीक धूळ असते, ती सेन्सरवर बसली की पुसणं अवघड. मी गाडीतच लेन्स लावून, काचा बंद करून मग उतरते. बहुतेक काम 24-70 एमएमच्या लेन्सवर होतं.

भट्टीतून निघालेलं बिलेट, म्हणजे ज्याची सळई लाटतात तो ठोकळा, 1100 अंशांच्या वर तापलेलं असतं. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर अंधाऱ्या शेडकडं बघून तो उजेड वाढवतो आणि लाल लोखंडाचा पिवळा-पांढरा धब्बा होतो. मॅन्युअलवर या, दीड-दोन स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), रॉमध्ये म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रंगाची रेघ वेगळी बघा. ती उजवीकडं आदळली असेल तर तापल्या लोखंडावरचा सगळा तपशील गेला. शेडच्या अंधारातला भाग नंतर उचलता येतो. जळालेला लाल परत येत नाही.

शेडमधल्या दिव्यांचाही एक त्रास आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं स्वस्त एलईडी आणि ट्यूबा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर 1/500 ठेवलं की फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या येतात. माणसं आणि मशीन काढताना 1/100 किंवा 1/50 वर या. पळती लाल सळई मात्र स्वतःच उजेड देते, तिथं शटर वाढवायला हरकत नाही.

आता तयार सळईचा क्लोजअप, ज्यासाठी डीलर पान उघडतो. सळईवर कंपनीचं नाव आणि ग्रेड उठावात आलेलं असतं. समोरून फ्लॅश मारला तर ती अक्षरं गायब, नुसता करडा दांडा. लाइट सळईला जवळजवळ समांतर ठेवा, एकाच बाजूनं, खालून किंचित वर. प्रत्येक बरगडीची सावली पडते आणि अक्षरं वाचता येतात. आयएस 1786 चं, म्हणजे सळईच्या भारतीय मानकाचं, चिन्ह असलेला टॅग बंडलला बांधलेला असतो. त्याचा वेगळा फोटो घ्या, चाचणीच्या पानावर लागतो. आणि सळई नवी घ्या. दोन पावसाळे यार्डात पडलेल्या बंडलला गंज असतो, फोटोत तो दुप्पट दिसतो.

बियाण्याचं पाकीट

कापसाचं 475 ग्रॅमचं पाकीट हातात घ्या आणि खिडकीजवळ फिरवून बघा. खाली चकाकणारा धातूचा थर, वर प्लास्टिकचा. नवी पोरं लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावतात आणि म्हणतात, चमक जात का नाही? कारण पोलरायझर प्लास्टिकवरची चमक कापतो, धातूवरची नाही. धातूवरची चमक घालवायची नसतेच, तिला आकार द्यायचा असतो. दोन्ही बाजूंना मोठ्या चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवा, त्याच्या मागून लाइट द्या. पाकिटावर आता ठिपक्यांऐवजी रुंद पांढरे पट्टे येतील. मग लाइट आणि पाकिटाच्या मध्ये काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या धरून ते पट्टे अरुंद करा, म्हणजे कडा उठून दिसते. थर्माकोलची शीट खालून उजेड परतवायला पुरते. हे सगळं सामान स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

पाकीट चुरगळलेलं येतं. आत थोडा कापूस भरून फुगवा, सुरकुती मागून हातानं ताणा आणि दुहेरी टेपनं उभं करा. प्रत्येक वाणाचं पाकीट त्याच जागी यावं म्हणून टेबलावर पेन्सिलनं खुणा करून ठेवा. पंचवीस वाणांची रांग साईटवर एका उंचीची दिसली की कंपनीवाले खूश.

पिकाच्या फोटोबाबत माझा एक हट्ट आहे. ज्या वाणाचं पान, त्याच वाणाच्या प्लॉटवर जाऊन काढलेला फोटो लावायचा. "बोंडं जरा वाढवून द्या की फोटोशॉपमध्ये" असं सांगणारे भेटतात. धूळ पुसून देते, पिवळं पान काढते. बोंडं वाढवत नाही, नेटवरचं झाड चिकटवत नाही. शेतकरी त्या फोटोवर विश्वास ठेवून पेरतो, आणि पीक तसं आलं नाही तर शिव्या कंपनीइतक्याच फोटोलाही बसतात. प्लॉटवर जायचं ते सकाळी ऊन कोवळं असताना. कंपनीचा माणूस वाणाची पाटी बरोबर आणतो का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. पाटीशिवाय काढलेले कापसाचे फोटो घरी येऊन ओळखणं देवालाही जमणार नाही.

मोसंबीचं थोडक्यात. आंबे बहाराचं फळ हिरवट असतं. ऑटो व्हाइट बॅलन्स आणि जास्तीचा पिवळा मारून त्याचं संत्रं करू नका, व्यापारी लगेच ओळखतो. रंग जुळवायला ग्रे कार्ड ठेवा. पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून फवारलं की थेंब टिकतात. कापलेली फोड पाच मिनिटांत सुकते, म्हणून सगळं जुळवून झाल्यावरच सुरी लावा.

पैठणी, आणि रंगाचं दुखणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हे, आणि मला सगळ्यात आवडणारंही. साडी ऑनलाइन विकणाऱ्याला एकच भीती असते, गिऱ्हाईक म्हणेल, "फोटोतला रंग वेगळा होता." राणी कलर आणि गडद जांभळा हे दोन रंग सगळ्यात जास्त दगा देतात, कारण वेबवर चालणाऱ्या एसआरजीबी या ठरावीक रंगपट्ट्याच्या मर्यादेत ते पुरते मावत नाहीत. त्यावर जादू नाही, पण शिस्त आहे. साडीच्या कडेला कलर चार्ट ठेवून प्रत्येक उजेडात एक फोटो घ्या. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग तपासून जुळवलेला असू द्या. एडिटिंग करताना साडी समोर ठेवा, दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली नाही. रंग पडद्यावर कमी-जास्त करायचाच असेल तर चमक सोडा, छटा सांभाळा. राणी थोडी फिकी दिसली तर चालतं. ती लाल झाली की साडी परत येते.

धूपछाँव साडीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. ती एका फोटोत पकडता येत नाही. दोन कोनांतून दोन फोटो घ्या किंवा पदर हळूच हलवतानाचा आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ, आवाज बंद ठेवून. जरीला समोरून उजेड दिला तर ती पिवळ्या रंगाची पट्टी होते. बाजूनं, काठाच्या लांबीला आडवा उजेड दिला की तार आणि तार वेगळी चमकते.

हातमागाच्या पैठणीचा एक फोटो प्रत्येक पानावर लावाच: पदराची उलटी बाजू. मोर किंवा मुनिया मागूनही तितकीच स्वच्छ दिसते, मागं लोंबते धागे नसतात. पारखी गिऱ्हाईक तेच बघायला येतं. पदर थोडा दुमडून सुलटी आणि उलटी बाजू एकाच चौकटीत घ्या. शंभर शब्द लिहायचे वाचतात. मॉडेल, दागिने, वाड्याचा चौक हे सगळं नंतर.

वाड्यावरून आठवलं. बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला किंवा वेरूळला जाऊन साडीचं शूट करू, अशी हौस बऱ्याच जणांना येते. ही स्मारकं पुरातत्त्व खात्याकडं आहेत. ट्रायपॉड आणि व्यावसायिक शूटला आधी परवानगी लागते. गेटवर वाद घालण्यात सकाळचा उजेड निघून जातो. ड्रोनचंही तसंच. 2021 च्या नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा पाहून, नोंदणी केलेला ड्रोन आणि धंद्यासाठी उडवायचा असेल तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र, एवढं लागतं. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला या प्रमाणपत्रातून सूट आहे. चिकलठाण्याचे कारखाने तर विमानतळाला लागूनच. तिथं "पटकन एक चक्कर" मारणाऱ्याला काम देऊ नका.

साईट बांधताना

इथं दीर बसतो, पण चार गोष्टींवर माझी नजर असते.

पहिली, फोटोचं वजन. लांब बाजू 1600 ते 2000 पिक्सेल, वेबपी प्रकारची फाईल, रंग एसआरजीबी, आणि शक्यतो 200 केबीच्या आत. पानावरचा मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचंही माप आहे. साईट पास झाली की नाही ते ऑफिसच्या वायफायवर ठरवू नका. परतूर-मंठ्याच्या रस्त्यावर, एसटीत बसून, साध्या मोबाईलवर उघडून बघा.

दुसरी, मराठी मजकूर. कंपनीचा जुना कॅटलॉग छपाईवाल्याकडं असतो, कोरल ड्रॉमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेव टाइपात. तो तसाच चिकटवला तर वेबवर नुसता कचरा उमटतो. युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि रूपांतर केल्यावर सगळा मजकूर वाचावा लागतो. मी सगळ्यात आधी "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द शोधते. रूपांतरात तो अर्धा र हमखास मोडतो, आणि शेतीच्या साईटवर हा शब्द पानोपानी असतो. दुसरा शब्द "ॲग्रो". आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या नावात तो आहे आणि काही फाँटमध्ये त्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे फाँट फुकट आहेत आणि चांगले आहेत. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. इंग्रजी मथळ्याला शोभा म्हणून अक्षरांत अंतर सोडतात, ते मराठीला करू नका. शिरोरेघ तुटते आणि बोर्ड रंगवणारा हसेल असं दिसतं. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवली की ल आणि श मराठी वळणाचे येतात, फाँटमध्ये सोय असेल तर.

तिसरी, गावाचं नाव. 2023 मध्ये अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. पण शोधणारी माणसं जुनी-नवी दोन्ही नावं टाकतात. पत्त्यात अधिकृत नाव लिहा आणि मजकुरात एखाद्या ठिकाणी जुनंही येऊ द्या. गूगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीत खूण नीट गेटवर लावा. एमआयडीसीत प्लॉट नंबरनं शोधणारा ट्रकवाला मागच्या भिंतीशी जाऊन थांबतो आणि मालकाला फोन करतो, मग मालक तुम्हाला.

चौथी, फोन. संपर्काचा फॉर्म ठेवा, पण आपल्याकडं फॉर्म कोणी भरत नाही. नंबरवर बोट ठेवलं की फोन लागावा, शेजारी व्हॉट्सॲपचं बटण असावं, आणि तो नंबर दुपारी झोपणाऱ्या माणसाचा नसावा.

पैसा आणि कागद

कोटेशनमध्ये पाच ओळी वेगळ्या लिहा: शूट, एडिटिंग, वेबसाईट, डोमेन-होस्टिंग, आणि दुसऱ्या वर्षापासूनची देखभाल. एक आकडा सांगितला की मालक त्या आकड्याशी भांडतो. पाच ओळी असल्या की तो एखादी ओळ कमी करतो, भाव पाडत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा माल मी नगावर लावते, कारखाना आणि शेत दिवसावर. अर्धा दिवस असं काही नसतं; वाळूजला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेलाच.

निम्मे पैसे आधी. चाचणीच्या लिंकवर साईट दाखवली की आणखी चाळीस टक्के. उरलेले दहा साईट त्यांच्या डोमेनवर चढवायच्या आधी. शेठ "बाकीचे मार्च एंडला देतो" म्हणाले तर गोड बोलून लिंकवरच थांबा. मार्च एंड दरवर्षी येतो.

डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्या. आपल्या नावावर घेऊन मग नूतनीकरणाला तोंडाला येईल ती रक्कम मागणारे या भागात आहेत. त्यांच्याकडून सुटून आलेली गिऱ्हाइकं माझ्याकडं येतात आणि पहिले दोन महिने माझ्याकडंही संशयानंच बघतात. मालकाचा ईमेल बहुतेक वेळा अकाउंटंट उघडतो किंवा पुतण्यानं काढलेला असतो आणि ओटीपी पुतण्याच्या मोबाईलवर जातो. तो पुण्याला शिकायला गेला की कुलूप लागलं. म्हणून ईमेल कोण उघडतो, ओटीपी कुठं जातो, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

कॉपीराइटचं बऱ्याच फोटोग्राफरांना उलटं माहीत असतं. 1957 च्या कायद्याच्या 17व्या कलमानुसार, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. स्वतंत्रपणे लिहून दिलेल्या कोडचं तसं नाही. तो लिहिणाऱ्याचा राहतो, लेखी हस्तांतर केल्याशिवाय. एकाच कामात हे दोन वेगळे नियम लागतात, म्हणून करारात दोन वाक्यं घाला: फोटो कुठं कुठं वापरायचे आणि आपल्याला नमुना म्हणून दाखवता येतील का; आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर साईटचे कोणते हक्क गिऱ्हाइकाकडं जातील.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर सक्तीची. दर 18 टक्के. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नका. एमआयडीसीतल्या कंपन्यांना मात्र जीएसटीचं बिल हवं असतं, त्यामुळं तिकडची कामं वाढली तर मर्यादेच्या आधी नोंदणी घ्यायची का ते सीएला विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली तर बंद करा. नंबर प्रत्येक बिलावर छापा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, असा आयकराचा नियमही आला आहे. मी कधी भांडायला जात नाही. फेब्रुवारीत अकाउंटंटला फोन करते, "दादा, आमचा उद्यम नंबर बिलावर आहे बरं का, बघून घ्या." तो समजतो.

काम सोपवताना

एक फोल्डर वेबचा, एक छपाईचा, एक व्हॉट्सॲपचा. तीन नावं मराठीतच लिहा. फ्लेक्सवाला रात्री फोन करून "कोरल फाईल द्या" म्हणणार; त्याला छपाईच्या फोल्डरमधली मोठी फाईल आणि लोगोची व्हेक्टर फाईल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) पाठवा. वेबची 200 केबीची फाईल वीस फुटी फ्लेक्सवर गेली तर नाव तुमचं खराब होतं. मूळ फाईली दोन हार्ड डिस्कवर. माझी दुसरी डिस्क अंबडला माहेरी असते. दिवाळीला, पंचमीला गेले की बदलून आणते.

दुसऱ्या वर्षापासूनच्या देखभालीत काय येतं ते तोंडी ठेवू नका: डोमेन-होस्टिंगचं नूतनीकरण, बॅकअप, सॉफ्टवेअरचे अपडेट, आणि तिमाहीला एकदा मजकूर किंवा फोटोतले बदल. नवं शूट त्यात नाही. वर्षाचं पहिलं शूट फोन न येता ठरावं म्हणून मी भिंतीवरच्या कालनिर्णयवरच खुणा करते: दसऱ्याच्या आधी सराफ आणि साडीवाले, कापूस बोंडावर आला की बियाण्याचे प्लॉट, आंबे बहार तोडणीला आला की मोसंबी, पाऊस उघडल्यावर कारखाने, कारण तेव्हा शेडबाहेर धूळ कमी आणि आभाळ निळं असतं. खूण आली की महिनाभर आधी मालकाला जुन्या साईटचं एक पान पाठवायचं आणि विचारायचं, "यातला कोणता माल आता बनत नाही?" उत्तर आलं की नवा कागद घ्या आणि चौकोन काढायला बसा.